टाकीच्या गुळण्या

गवत कापायचं यंत्र मेकॅनिककडे न्यायचं नाही, दोष घरीच शोधायचा, असं बातमीदारांनी चहा पिता पिता ठरवलं. (मोठमोठे घोटाळे चहाच्या टेबलावरच शिजतात, असं त्यांनीच एकदा लिहिलं होतं.) पेट्रोल चढवणारा काडेपेटीएवढा नवा पंप त्यांनी आदल्या दिवशी विकत आणून स्वतः बसवला होता. तरी इंजिन आचके देऊन गप्प.

"गंडवलं! ग्राहकाला दिवसाढवळ्या गंडवलं!"

"आधी तपासा तरी," बायको म्हणाली. ती नर्स होती. तपासल्याशिवाय कुणाला मृत म्हणायची तिला सवय नव्हती.

या पंपाला वीज लागत नाही. इंजिनाच्या पोटातून त्याला एक नळी येते. इंजिन फिरलं की त्या नळीतून फुंकर आणि ओढ, फुंकर आणि ओढ. तेवढ्यानं आतला पातळ पडदा हलतो आणि टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचतं. म्हणजे इंजिन बंद असताना फुंकर आपण मारायची. बातमीदारांनी ती नळी इंजिनाकडून सोडवून तोंडात धरली.

"अहो! पडदा फाटका असला तर पेट्रोल थेट पोटात जाईल. आणि आज माझी सुट्टी आहे!"

तिनं बिनसुईची सिरिंज आणून दिली. बातमीदारांनी ती या सोडवलेल्या नळीला जोडली, कार्बोरेटरकडची नळी काढून काचेच्या बरणीत सोडली आणि अंगणात मांडी ठोकून सिरिंज ओढू-ढकलू लागले. अंगठा सुजला. बरणी कोरडी ठणठणीत.

बस्स! त्यांनी कचेरीत फोन लावला. उद्याचं त्यांचं सदर अजून रिकामंच होतं.

"घ्या लिहून," ते उपसंपादिकेवर कडाडले. "मथळा, 'पंप की पोकळ डबी?' दुकानाचं नाव ठळक टाका."

"सर, खात्री केलीय ना?"

"खात्री? सिरिंज हातात धरून बोलतोय मी!"

मजकूर सांगून झाला. रागाचा उमाळा उरला होता, म्हणून त्यांनी सिरिंज आणखी जोरात दाबली.

"अहो," बायको कान देऊन म्हणाली, "टाकी गुळण्या करतेय."

"करू दे. इथे लोकांच्या खिशावर दरोडा पडलाय आणि तुला गुळण्या ऐकू येतात!"

"पण बुडबुडे टाकीत का? तुमचा पंप बरणीतली हवा ओढून टाकीत सोडतोय. मेलेला पंप एवढं काम करतो होय? सलाईन लावताना मी नळीची दोन टोकं अशी बदलली असती ना, तर तुम्हीच माझ्यावर अग्रलेख लिहिला असता."

बातमीदारांनी पंपाकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग (दुसरीकडे बघायला काही नव्हतं म्हणून) गवताकडे. त्यांनी पंपावरच्या दोन नळ्यांची अदलाबदल केली आणि सिरिंज जेमतेम चार वेळा ओढली. पेट्रोलची झकास पिचकारी बरणीत पडली. पंप ठणठणीत होता. दुकानदार गंगेसारखा निर्मळ होता. आणि त्याची अब्रू उद्या सकाळी घरोघरी दाराबाहेर पडणार होती, बातमीदारांच्या नावानिशी!

उभ्या आयुष्यात त्यांना एकदाही खुलासा छापावा लागला नव्हता. इतरांच्या खुलाशांची कात्रणं मात्र ते पाहुण्यांना हौसेनं दाखवत.

"फोन करा!" बायको ओरडली.

फोन व्यस्त. पुन्हा व्यस्त. पेट्रोलनं ओल्या बोटांखाली नंबर निसटायचा. एकदा लागला तो सासूबाईंना, आणि त्या गुडघेदुखीपासून सुरू झाल्या. शेवटी एकदाची उपसंपादिका मिळाली.

"थांबवा! पान थांबवा! दुकानदार निर्दोष आहे!"

"सर, पान केव्हाच छपाईला गेलं."

बातमीदार पायरीवर बसले. बायकोनं सवयीनं त्यांची नाडी धरली.

"आणि... माझा मजकूर?"

"तो नाही घेता आला, सर. ऐनवेळी तुमच्या जागेवर जाहिरात आली."

बातमीदारांचा जीव भांड्यात पडला. तिथे तो क्षणभरच टिकला.

"जाहिरात? वाचकांच्या हक्काच्या जागेवर जाहिरात? कुणाची?"

"त्याच दुकानाची, सर. पंपाचीच आहे. कुठली नळी कुठे लावायची, त्याचं मोठ्ठं चित्र दिलंय." ती जरा घुटमळली. "तुम्हाला पाठवू?"