नमुना कुठी आहे?

ढोमणेकाकांच्या घरात दोन कूलर आहेत आणि त्यातला एक आजवर कधी चालू झालेला नाही. नागपूरच्या मे महिन्यात, फ्रीजमध्ये डोकं घालून उभं राहावं असं वाटतं, तेव्हाही नाही. तो चादर पांघरून कोपऱ्यात उभा असतो. तो नमुना आहे.

चालू कूलर बिघडला की मेकॅनिक येतो. काका शेजारी खुर्ची टाकतात, नमुन्यावरची चादर काढतात आणि म्हणतात, "हे पाय. असा होता. असाच पाहिजे." मेकॅनिकनं स्वतःचं डोकं चालवून एखादी वायर भलतीकडे जोडली की संपलंच. "काहून जोडली? नमुना कुठी आहे तुझा?" घरात मिक्सर दोन, इस्त्र्या दोन, नळाच्या तोट्यासुद्धा दोन-दोन. काकांची हयात शहराबाहेरच्या वाडी गावातल्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनात पेट्यांची सीलं तपासण्यात गेली. ते निवृत्त झाले, संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाला, लिफ्ट, पावसाचा अंदाज, कोणीच त्यातून सुटत नाही.

माझ्यावरचा संशय रविवारचा होता. रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीत मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. एकटी बाई दर रविवारी सकाळी सकाळी जाते कुठे? बरेच रविवार त्यांनी दाराच्या भिंगातून पाळत ठेवली. शेवटी लिफ्टपाशी गाठलंच.

"कुठी चालली वं, सुट्टीची?"

"प्रयोगशाळेत, काका. पेशींना खाऊ घालायला."

काकांचा चेहरा अजून मला आठवतो. मी सांगितलं, उंदराच्या गर्भातल्या मूळ पेशी आम्ही वाढवतो. कुठलाही अवयव ज्यांच्यापासून बनू शकतो, अशा अगदी सुरुवातीच्या पेशी. त्यांना रोज ताजं पोषण लागतं, रविवारबिविवार त्यांना कळत नाही. त्यांच्यातला डीएनए आम्ही मुद्दाम तोडतो आणि त्या तो कसा दुरुस्त करतात ते बघतो.

"म्हणजे आधी तुम्हीच मोडता आन् मंग दुरुस्ती पाहाता? आमचा मेकॅनिक बी हेच करते."

त्या दिवसापासून मला संध्याकाळी चहाला बोलावून उलटतपासणी सुरू झाली. काकू चिवडा ठेवून बाजूला गप्प बसत. मुळात त्या बोलतच कमी. एकदा मी पपई कापून नेली, तर त्यांनी ताटलीला हातही लावला नाही. "तिले नाही आवडत," काका म्हणाले आणि पपई पिकवायला लोक काय काय औषधं मारतात यावर घसरले.

एका संध्याकाळी मी त्यांना सगळं नीट समजावलं. डीएनए म्हणजे पेशीच्या आतली लांबलचक दुहेरी साखळी. शरीर कसं बनवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. पेशी एकाच्या दोन होण्याआधी या साखळीची हुबेहूब जोड तयार होते. साखळी पार तुटली, तर साध्या पेशी बरेचदा तुटकी टोकं धरून गाठ मारतात, मधला तुकडा गेला तर गेला. गर्भाच्या मूळ पेशी मात्र शक्यतो तसं करत नाहीत. त्या शेजारच्या जोडीकडे बघून हरवलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतात.

काका खुर्चीतून उठलेच. "नमुना! ऐकलं का वं? पेशी बी नमुना ठेवते!"

पुढचा आठवडा इमारतीत कोणाची सुटका नव्हती. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत प्रत्येकाला काकांनी मूळ पेशी समजावली आणि नमुना न ठेवणारा माणूस गर्भातल्या उंदरापेक्षाही मागे आहे हे पटवून दिलं. पण संशयी माणसाला आनंदही पुरता पचत नाही. ते पुन्हा माझ्या दारात आले.

"आन् दुरुस्त झालीच नाही तं?"

"तर पेशी वाढायची थांबते, काका. मोडतोड फार असली तर स्वतःच स्वतःला संपवते. तिच्यापासून पुढे सगळं शरीर बनायचं असतं ना, तिची चूक सगळीकडे जाईल."

"कोणी धक्का देल्ला नसला, तरी?"

"तरी."

काका वळून घरी गेले. कुलूप ओढून ओढून पाहणारा हा माणूस त्या दिवशी दार उघडं टाकून आत गेला. नंतर कित्येक दिवस चहाचं बोलावणं नाही. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

मग एका रविवारी ते लिफ्टपाशीच उभे दिसले. काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. काका भिंतीकडे बघत बोलले.

"लग्नानंतरची गोष्ट. काकूले तिसरा महिना होता. तिच्या माहेरून, कन्हानवरून, लुनावर डबलसीट येऊन राहिलो होतो. काकू म्हणे हळू चालवा. माह्यानं खड्डा नाही दिसला. आठ दिवसांत सारं संपलं. मंग पुन्हा काही झालंच नाही." त्यांनी चष्मा काढला. "तिनं आजवर एक शब्द नाही काढला. साऱ्या दुनियेवर संशय घेतो मी, पण खरा संशय त्या खड्ड्यावर आहे. माह्यावर आहे."

 मला खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "काका, तुमच्या वेळी कोणी तपासलं नाही, म्हणून नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण इतक्या लवकर जे जातात, त्यातल्या बहुतेकांत दोष गर्भातल्या गुणसूत्रांचाच असतो. गाडीच्या धक्क्यानं सहसा असं होत नाही."

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली का?"

"नाही."

"मंग तिच्यासमोर सांग."

लिफ्ट उघडली. काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. मी तेच सगळं त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं, खड्ड्यासकट. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"खड्डा? कोणता खड्डा हो?" त्या म्हणाल्या. "मले तं आठवत बी नाही. मी त्या दिवशी माहेरी पपई खाल्ली होती. माय नको म्हणत होती, तरी खाल्ली. तुम्हाले सांगाची हिंमतच नाही झाली."

"पिकलेली होती?" मी विचारलं.

"पिवळीधम्मक."

"मग त्या पपईचाही काही दोष नाही, काकू. पिकलेल्या पपईनं असं होत नाही."

 काकांनी खाली वाकून पिशवी उचलली, आणि आतली भाजी तपासली नाही.

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी चहाचं बोलावणं आलं. टेबलावर कापलेली पपई होती. काका स्वतः जाऊन घेऊन आले होते. काकू एकेक फोड सावकाश खात होत्या आणि काका नुसते त्यांच्याकडे बघत बसले होते. नमुन्याची दुसरी पपई कुठे आहे म्हणून मी सवयीनं स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर फक्त सालं पडली होती. काकांनी एकच पपई आणली होती.