सातत्याचे सहा पॉइंट

माणसाने एकदा चांगले काम करून दाखवले की त्याला ते येते हे सिद्ध होते. आणि ते येते हे सिद्ध झाल्यावर ज्या दिवशी ते होत नाही, त्या दिवशी तो कामचुकार ठरतो. ज्याला काहीच येत नाही त्याच्यावर असा आळ कधी येत नाही. हे तत्त्व घरोघरी आणि कचेरी-कचेरीत सर्वांना तोंडपाठ असते. मुलींच्या कॉलेजातल्या बास्केटबॉल संघात पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या एका मुलीला मात्र ते वेळेवर कुणी सांगितले नाही, आणि तिथेच घोळ झाला.

या मुलीला संघात सगळ्या 'नवी' म्हणत. पहिल्याच सामन्यात नवीने एकवीस पॉइंट केले. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात सतरा. चौथ्यात शून्य, शिवाय एक पास थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर. (पाहुण्यांनी तो सुरेख झेलला. त्या सामन्यातला नवीचा तो एकमेव यशस्वी पास.) संघाच्या सरांनी बेरीज करून चाराने भागले. सरासरी दहा आली. दहा काही वाईट नव्हे. परंतु सरांच्या असे निदर्शनास आले की, दहाची सरासरी असलेल्या या मुलीने आजवर एकदाही दहा पॉइंट केलेले नाहीत. ही गोष्ट त्यांना सरळसरळ फसवणुकीसारखी वाटली.

"तू नक्की कोण आहेस?" त्यांनी नवीला जिमच्या दारातच गाठले. "एकवीसवाली की शून्यवाली?"

"दोन्ही वेळा मीच होते, सर."

"तेच चालायचं नाही."

सर माणूस न्यायी. त्यांचे म्हणणे एवढेच की, ज्या सामन्यात नवी चांगली खेळणार असेल त्यात तिला खेळवावे आणि ज्यात वाईट खेळणार असेल त्यात बसवावे. या धोरणात एकच किरकोळ अडचण होती, ती म्हणजे सामना आधी खेळावा लागतो. सबब मधला मार्ग म्हणून तिची मिनिटे तीसवरून अठरा, अठरावरून नऊ आणि नऊवरून अडीच करण्यात आली. या अडीच मिनिटांत तिने सातत्य सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. अडीच मिनिटांत चेंडू हाताला लागतो एकदा. तो बास्केटमध्ये गेला तर सर म्हणत, "बघ, येतं की तुला! मग एरवी काय होतं?" आणि तिला बसवत. गेला नाही तर काहीच म्हणत नसत; नुसते बसवत. दोन्ही रस्ते बाकाकडेच जात होते.

बाक ही संस्था बाहेरच्यांना वाटते तशी निष्क्रिय नाही. बाकावरच्या खेळाडूला टाळ्या वाजवाव्या लागतात, टॉवेल झेलावे लागतात, बाटल्यांची झाकणे उघडून ठेवावी लागतात, आणि सर टाइमआउट घेतील तेव्हा उभे राहून आपल्याला उद्देशून नसलेल्या सूचनांना मान डोलवावी लागते. सर्वांत टोकाला बसणारीला हे सांभाळून एका पायाने बाकाचा हलता पाय दाबून धरावा लागतो, नाहीतर अख्खी रांग डुगडुगते. ही जागा नवीकडे आली. तिथे तिच्या सातत्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

घरी फोन केला की आई विचारायची, "आज किती वेळ बसलीस?"

"किती वेळ खेळलीस, असं विचार गं."

"ते विचारलं की तू फोन ठेवतेस. खेळायचं नसलं तर स्वेटर तरी घालून बस. घाम न येता त्या पातळ कपड्यांत बसतेस, सर्दी होईल."

नवीला सर्दीची नव्हे, संघाच्या नियमाची धास्ती होती. हंगाम संपताना जिच्या वाट्याला सामन्यामागे दहा मिनिटेही आलेली नसतील, तिचे नाव पुढच्या वर्षी संघातून गळत असे. आणि नवी घरदार सोडून या कॉलेजात आली होती ती केवळ या चेंडूपायी. (अभ्यासक्रमाचे नाव विचारले तर तिला अजूनही क्षणभर थांबावे लागे.)

संघाची कप्तान तिसऱ्या वर्षाची. तिला सगळ्या ताई म्हणत. ताई प्रत्येक सामन्यात चार पॉइंट करी. समोर दुबळा संघ असो की दांडगा, ताप असो की परीक्षा, चार म्हणजे चार. ती पस्तीस मिनिटे खेळे आणि तिच्याबद्दल आजवर कुणाचीही निराशा झालेली नव्हती. सर तिला संघाचा कणा म्हणत. (कणा बास्केट करत नाही, हे खरेच आहे.)

परतीच्या बसमध्ये ताई एकदा नवीशेजारी येऊन बसली आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "पहिल्या वर्षी मीपण एकोणीस केले होते."

"तू?"

"एवढे डोळे मोठे करू नकोस. केले होते. पुढच्या सामन्यात तीन झाले. महिनाभर बाकाचा तो पाय धरून बसले. तो तेव्हापासूनच हलतो."

"मग?"

"मग अक्कल आली. आपला एक आकडा ठरवायचा. इतका कमी नाही की कुणी का म्हणेल, इतका जास्त नाही की कुणी अजून म्हणेल. तो झाला की हात आखडता."

नवीने बराच विचार करून विचारले, "मी किती घेऊ?"

"सहा घे. चार माझे आहेत."

नवीने सहा घेतले. पुढच्या सामन्यात अडीच मिनिटांत पहिल्या दोन बास्केट पडल्या, तेव्हा सरांनी तिला चुकून आणखी थोडे ठेवले. तिसरी पडली आणि ती थांबली. त्यानंतरचा प्रत्येक सामना सहाचा. सहा झाल्यावर चेंडू हातात आलाच तर ती तो रिंगच्या पुढच्या कडेवर नेमका आदळेल असा टाकी. (याला बास्केट करण्यापेक्षा जास्त कसब लागते, पण त्याचे पॉइंट नसतात.) तळहात शिवशिवत. ती ते टॉवेलला पुसून टाकी. मिनिटे आठ झाली, पंधरा झाली, चोवीस झाली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी सुधारली. आता कशी माणसात आली!" एकवीस पॉइंट करणारी ती मुलगी कुठे गेली, अशी चौकशी कुणीही केली नाही.

चांगल्या गोष्टी पसरतात. मिनिटे टिकवायची रीत बाकीच्यांनाही कळली, आणि पाहता पाहता प्रत्येकीने आपला आकडा धरला. ताईचे चार, नवीचे सहा, उंच मुलीचे बारा, आणि एकमेकींशी अबोला असलेल्या दोघींचे दहा-दहा. संघ दर सामन्यात बेचाळीस पॉइंट करू लागला. एक कमी नाही, एक जास्त नाही. गटात बेचाळीस न गाठणारे संघ सुदैवाने भरपूर निघाले, आणि अशा रीतीने संघ उपान्त्य फेरीत जाऊन पोचला. सर गहिवरले. इतकी वर्षे ज्याचा उपदेश केला, ते त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळाले होते.

उपान्त्य फेरीतल्या समोरच्या संघाने त्रेचाळीस केले.

शेवटची काही सेकंदे उरली होती, चेंडू आपल्याकडे होता, आणि पाचही जणींचे आकडे पुरे झालेले होते. उंच मुलीने चेंडू अबोलीला दिला. अबोलीने, वर्षभरात पहिल्यांदाच, दुसऱ्या अबोलीला दिला. दुसरीने ताईला. लग्नाच्या पंगतीत शेवटचा लाडू फिरावा तसा तो चेंडू फिरत होता. सगळ्यांना हवा आणि कुणीच घेईना. समोरच्या मुलींनी या संघाचा चांगला अभ्यास केला होता. नवीला अडवायला उभी असलेली मुलगी तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझे झाले ना गं सहा? मग मी जरा दम खाते."

ताईने चेंडू नवीकडे फेकला. समोर कुणी नाही. रिंग, जाळी आणि मधली मोकळी हवा.

"टाक!" बाजूरेषेवरून सर किंचाळले. सातत्यावरची त्यांची श्रद्धा त्या क्षणीही अढळ होती; फक्त ती त्यांना आठवत नव्हती.

नवीने ताईकडे पाहिले. आता बास्केट पडली तर आठ. एकदा आठ झाले की उद्या सहा करणे म्हणजे घसरण. मग पुन्हा नऊ मिनिटे, पुन्हा अडीच, आणि मग यादीत नाव नाही.

"माझ्याकडे काय बघतेस?" ताई ओरडली. "मी पुढच्या वर्षी नसेन इथे हिशेब करायला! टाक गं बाई!"

नवीने टाकला. आठवडेच्या आठवडे रिंगच्या कडेवर नेमका आदळणारा तो हात दोन बोटे पुढे सरकला, आणि चेंडू कडेला न शिवता जाळीतून खाली आला. चव्वेचाळीस–त्रेचाळीस. शिट्टी झाली. बाकावरच्या सगळ्या एकदम उठल्यामुळे बाक उलटला.

कपडे बदलायच्या खोलीत सरांनी नवीची पाठ थोपटली. मग थोपटणारा हात हवेतच थांबला.

"एक सांग. तुला हे जमत होतं, तर इतके दिवस सहाच का करत होतीस?"

नवीने ताईकडे पाहिले. ताईने तोंड टॉवेलमध्ये घातले होते आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे टॉवेलवरून कळत नव्हते.

त्याच संध्याकाळी सरांनी पुढच्या वर्षीच्या संघाची यादी करायला घेतली आणि सर्वांत वर नवीचे नाव लिहिले, पेन्सिलने. "उद्याचा अंतिम सामना होऊ दे," ते म्हणाले, "मग शाईने लिहू. किंवा बघू."

सरांचा हा कोतेपणा पाहून तुम्हाला राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. अठरा वर्षांच्या पोरीने हातातली जागा पणाला लावून एक सामना जिंकून दिला. तेवढे पुरे नाही का? पुरे आहे. म्हणून तिची गोष्ट इथे संपली. एवढे वाचूनही अंतिम सामन्यात तिने किती केले, हे विचारायला तुम्ही तोंड उघडले असेल, तर आधी हातातली पेन्सिल खाली ठेवा.