खडेमाळावरची जखमी टिटवी

एका जंगलात, म्हणजे तसं म्हटलं तर दोन जंगलांच्या मधोमध, एक माळ होता. खिडकीबाहेर बघू नका, गोष्ट सुरू झाली आहे. त्याला खडेमाळ म्हणत, कारण तिथे खड्यांशिवाय काही नव्हतं. गवत नाही, झाड नाही, पाणी नाही. तरी पूर्वेच्या जंगलातला वाघ म्हणे माळ माझा, पश्चिमेच्या जंगलातला सिंह म्हणे माझा. कशासाठी, असं विचारू नका. मोठ्यांना असं विचारायचं नसतं.

या माळावर कोंडाक्का नावाची टिटवी राहायची. नवऱ्याचं नाव बाळाप्पा. टिटव्या घरटं बांधत नाहीत, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल आणि तुम्ही विसरला असाल. त्या उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालतात. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. गेल्या वर्षीची चारही अंडी मोर्च्यात तुडवली गेली होती. कोंडाक्का त्यानंतर महिनाभर धड जेवली नव्हती. या वर्षी पुन्हा चार होती. यातलं एक तरी पिल्लू पदरात पडू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

मोर्चे रोज असत. सकाळी पूर्वेचा, संध्याकाळी पश्चिमेचा, आणि मधल्या वेळात बंद. सशाने बिळासाठी दोन पाट्या करून ठेवल्या होत्या. सकाळी ‘व्याघ्रछाया’, दुपारनंतर ‘सिंहकृपा’. एकदा पाटी बदलायची राहिली, तर त्याचं बीळच बुजवलं. मुंग्यांनी रांगेत चालणं सोडून दिलं होतं. रांग दिसली की कुणीतरी विचारायचं, हा मोर्चा कोणाचा?

एका सकाळी पूर्वेचा मोर्चा थेट अंड्यांच्या रोखाने निघाला. पुढे पुढारी वराहराव, म्हणजे रानडुक्कर. वीस पावलं उरली. तेव्हा कोंडाक्काने तेच केलं, जे तिच्या आईने केलं होतं, आजीने केलं होतं. डावा पंख मोडल्यासारखा लोंबता सोडला आणि केविलवाणं ओरडत, लंगडत लंगडत ती भलतीकडे निघाली. कोल्हा असता तर आयती शिकार म्हणून तिच्यामागे गेला असता. अंड्यांपासून पुरेसा लांब गेला की टिटवी भुर्रकन उडते आणि कोल्हा बघत बसतो. टिटव्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं होतं.

पण कोल्ह्याला भूक लागलेली असते, पुढाऱ्याला मुद्दा हवा असतो. वराहराव थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायची त्यांनी मुळीच घाई केली नाही. पश्चिमेच्या अत्याचाराचा हा जिवंत पुरावा, असं त्यांनी जाहीर केलं. दोन वानरांनी कोंडाक्काला धरून तिच्या डाव्या पंखाला पळसाच्या पानाची पट्टी बांधली. मग बातमी सांगायला मोर्चा तिथूनच मागे फिरला.

संध्याकाळी पश्चिमेचा मोर्चा आला. पुढे गवाअण्णा. डाव्या पंखाला पूर्वेची पट्टी होती, म्हणून कोंडाक्काने उजवा लोंबता सोडला. दुसरं काय करणार बिचारी? गवाअण्णांनी पूर्वेचा कडक निषेध केला आणि उजव्या पंखाला सागाच्या पानाची पट्टी बांधून घेतली. डावीकडची पट्टी त्यांना दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माळावर झुंबड उडाली. चौकशी करणारे आले, सांत्वन करणारे आले, नुसतेच बघायला येणारेही आले. ज्या युक्तीने वैरी लांब जायचा, तिनेच आता गर्दी जवळ यायला लागली. बाळाप्पा अंड्यांवर बसल्या बसल्या वैतागला.

“कोंडे, बंद कर ते लंगडणं,” तो म्हणाला. “यांच्यापेक्षा कोल्हा परवडला.”

“बंद केलं तर सरळ चालत येतील,” कोंडाक्का म्हणाली. “निदान माझ्या मागे तरी फिरतात.”

तिचंही खोटं नव्हतं. पण मग दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी ठरवलं, की जिथे टिटवी जखमी झाली तिथे तिचं स्मारक उभारायचं. दोन्हीकडून एकेक भलीमोठी शिळा निघाली. जागा कुठली ठरली? बरोबर, अंड्यांची.

आता कोंडाक्काला राहवेना. तिने चोचीने दोन्ही पट्ट्या तोडल्या आणि ती दोन्ही शिळांच्या मधोमध उभी राहिली. मला कोणी मारलं नाही, पंख ठणठणीत आहेत, इथे माझी अंडी आहेत, असं तिने स्वच्छ सांगितलं. वर उडून एक गिरकीही मारून दाखवली.

वराहरावांनी उसासा सोडला. “बिचारीवर पश्चिमेचं किती दडपण आहे बघा.”

गवाअण्णा म्हणाले, दडपण आहेच, पण पूर्वेचं. मग शिळा कोणाची आधी बसणार यावरून जुंपली. शेवटी प्रकरण तळ्यातल्या कासवाकडे गेलं. कासव न्यायाधीश होतं आणि दोन्ही राज्यांना ते सारखंच घाबरत असे. म्हणून त्याने ‘जैसे थे’चा आदेश दिला. माळ जसा आहे तसा राहील. शंभर पावलांच्या आत कोणी येणार नाही. जखमी टिटवी जशी जखमी आहे तशीच राहील, सकाळी डावीकडून, संध्याकाळी उजवीकडून. ती बरी झाल्याचं आढळल्यास आदेश उठेल आणि शिळा बसतील.

दोन्ही बाजूंचे पहारेकरी लांब उभे राहिले. त्यांना दिसावं म्हणून कोंडाक्का रोज सकाळी डावा पंख ओढत फिरायची, संध्याकाळी उजवा. माळावर एवढी शांतता कोणाच्या आठवणीत नव्हती. चौदाव्या दिवशी चारही अंडी फुटली. अंडं फुटणं हा आदेशाचा भंग ठरतो का, यावर कासवाने पुढची तारीख दिली.

टिटवीची पिल्लं जन्मल्या दिवसापासून चालतात. ही चारही चालली. कोंडाक्काने एक मागितलं होतं आणि चार मिळाली. आनंदाने तिला काय करू नि काय नको असं झालं. पिल्लं तिच्या मागे मागे फिरायला लागली, किडे टिपायला लागली, बघता बघता पंखांवर पिसं आली. बाळाप्पा म्हणाला, उद्यापासून यांना उडायला शिकवायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चौघं रांगेत उभी राहिली. धाकटीने आईकडे बघितलं.

“आई, आता सकाळ आहे ना? म्हणजे डावा मोडायचा?”

कोंडाक्काने शंभर पावलांवरच्या पहारेकऱ्यांकडे पाहिलं, लांबवर पडलेल्या दोन शिळांकडे पाहिलं.

“हो बाळ,” ती म्हणाली, “डावा.”

तात्पर्य : पाखराला पंख दोन असतात, कारण बाजू दोन असतात. ते उडण्यासाठी असतात, हा जुन्या पुस्तकांतला गैरसमज आहे. परीक्षेत तसं लिहिलंत तर मार्क मिळणार नाहीत.