जंक्शन सव्वाशेच्या आत

राउटरचा अ‍ॅडॉप्टर जळाला आणि बायको म्हणाली, "नवीन घेऊन ये."

एवढं साधं वाक्य. पण मी ठरवलं, नवीन आणायचा नाही, घरीच बनवायचा. (आपल्या पिढीने वस्तू फेकणं थांबवलं नाही तर पृथ्वीचं काही खरं नाही, हेही मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "पृथ्वीचं नंतर बघू. उद्या दुपारी माझी मुलाखत आहे.")

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातली नोकरी. कॉलेजात असल्यापासून तिला हेच काम हवं होतं. मुलाखत व्हिडिओवर, आणि आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती खिडकीबाहेर हात काढल्यावर. म्हणजे सगळी भिस्त राउटरवर.

ड्रॉवरमध्ये एका मेलेल्या स्कॅनरचा बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर सापडला. राउटरला हवे पाच. मधे व्होल्टेज रेग्युलेटर नावाची चिप बसवली की झालं. तीन पाय, नखाएवढं अंग. बारा घेते, पाच देते आणि उरलेल्या सातांची उष्णता निमूट अंगावर झेलते. मला तर तिच्याकडे बघून भरून आलं.

सासरे शेजारी बसून पाहत होते. निवृत्त स्टेशनमास्तर, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू आपापल्या फलाटावर लागलेली हवी, हा त्यांचा बाणा.

"बाबा, एकच पथ्य आहे," मी म्हणालो. "जंक्शनचं तापमान सव्वाशेच्या वर जाता कामा नये."

"सव्वाशे? जावईबापू, आमच्या जंक्शनवर पंचेचाळीसला हमाल आडवे व्हायचे!"

"ते जंक्शन नाही हो. चिपच्या पोटात सिलिकॉनचा कण असतो, खरं काम तिथे चालतं. त्याला जंक्शन म्हणतात. बाहेरून बोट लावून आतलं कळत नाही. वरून कोमट, आत भट्टी."

"म्हणजे आमच्या लेकीसारखं."

"ऐकतेय हं मी," आतून आवाज आला.

"आणि ढोबळ हिशेब असा," मी घाईने पुढे गेलो, "दहा अंश कमी तापवलं की आयुष्य जवळपास दुप्पट."

"मग मला थंड हवेच्या ठिकाणी का नाही पाठवत?"

मी दुर्लक्ष केलं. खरी कमाल तर पुढेच होती. फारच तापली तर ही चिप जळत नाही, स्वतःहून बंद होते. गार झाली की पुन्हा कामाला लागते. रुसवा नाही, रजेचा अर्ज नाही. (मला असा एकही साहेब अजून भेटलेला नाही.) तशी वेळ येऊ नये म्हणून तिच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा खाचाखाचांचा तुकडा लावतात. त्याला म्हणतात हीट सिंक. तो मी पाकिटासकट टेबलावर ठेवला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून धावत घरी आलो तर टेबल लख्ख. हीट सिंक गायब! मुलाखत तोंडावर आलेली. मी म्हटलं, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, चिप चालवून घेईल, आणि ती तशीच जोडली. (आदल्या रात्री पथ्यावर व्याख्यान देणारा तो मीच.)

बायको आतल्या खोलीत बसली, राउटरचा दिवा दिसावा म्हणून दार उघडं ठेवून. "नमस्कार" झाला, शिक्षण झालं, "तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?" झालं, आणि दिवा गेला.

तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. वरून कोमट.

"बाबा!" मी ओरडलो. "हीट सिंक! पाकिटातलं! कुठे गेलं?"

"सिंकचंच ना? मग सिंकवर आहे. छान साबणदाणी आणलीत हो, पाणी अगदी निथळून जातं!"

मी स्वयंपाकघरात झेप घेतली, साबण उडवला, तुकडा शर्टाला पुसला. स्क्रू शोधायला वेळ कुठला! दोरीवरचा लाकडी चिमटा ओढला आणि चिप व तुकडा त्यात एकत्र पकडले. बोटं भाजली. सासरे कपाटातून आपला जुना हिरवा झेंडा घेऊन आले आणि चिपवर वारा घालू लागले. काय ते मनगट! खोलीभर गरम साबणाचा लिंबू-वास पसरला. आणि दिवा लागला.

"लाइन क्लिअर!" सासरे गरजले.

बायकोने पुन्हा कॉल जोडला, "क्षमा करा" म्हणाली आणि तुटलेल्या वाक्यापासून पुढे बोलू लागली. आवाजात तसूभर थरथर नाही. तिच्या पाठीमागे, उघड्या दारातून, गुडघ्यांवर बसलेला मी आणि झेंडा फडकवणारे तिचे वडील शेवटपर्यंत कॅमेऱ्यात दिसत होतो, हे आम्हाला नंतर कळलं.

ती बाहेर आली. "सोमवारपासून या म्हणाले. मागे एवढा गोंधळ असताना जी शांत बोलते, तीच त्यांना हवी होती म्हणे."

मी गुडघ्यांवरच होतो. ती जवळ आली, वाकली आणि कधी नव्हे इतक्या मायेने म्हणाली, "किती ताप सोसलास! पण जळून जाणं नाही. गप्प व्हायचं, गार व्हायचं, परत कामाला लागायचं. कमाल आहे तुझी."

मी मान खाली घातली. "अगं, त्यात काय एवढं..."

"तुला नाही," चिपवरची नजर न काढता ती म्हणाली. "तू तो साबण शोध आधी."