सीट असते, दाखवत नाहीत

हेब्बाळला आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खालून जातात की त्यांची चाकं दिसतात. बाकीचे लोक विमान बघतात. आमचे तुकोजीअण्णा सीटा बघतात. धुतलेला पंचा दोरीवर टाकता टाकता मान वर करून म्हणतात, "पुढच्या तीन-चार रिकाम्याच घेऊन चाललाय बघा, दगड." आणि इतक्या हळहळीने म्हणतात, की त्या सीटांचं भाडं जणू त्यांच्याच खिशातून गेलं असावं.

अण्णा माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. मी अठरा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो; त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी आलं. त्यामुळे या शहरात मी पाहुणा आणि ते यजमान, असं ते धरून चालतात. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, असे कानडी शब्द सहज येऊन बसतात, माझ्या आईला ते 'अम्मा' म्हणतात आणि मला 'सार'. बायको वारल्यापासून घरात एकटेच असतात. वय बहात्तर, पण फोनवर बोटं अशी चालतात की कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने पाहत राहावं.

त्यांचं उभं आयुष्य एका टॉकीजच्या मॅनेजरकीत गेलं. ती टॉकीज पाडून तिथे आता मॉल झालाय, पण अण्णांची मॅनेजरकी चालूच आहे. टॉकीजच्या बाल्कनीतली एक ओळ कधीच विकायला नसे. वितरकाचा मेहुणा, पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर, हीरोच्या फॅन असोसिएशनचा अध्यक्ष, यांतलं कोण कधी उगवेल याचा नेम नसायचा. म्हणून ती ओळ राखायची. बाहेर हाऊसफुलची पाटी लागली तरी राखायची. दिवे मंद होईपर्यंत कोणी आलं नाही, तर मात्र पाटीखाली तोंड पाडून उभ्या असलेल्यांना आत बोलवायचं.

"राखून ठेवायला वॉचमन पण चालतो, सार," अण्णा सांगतात. "सोडायची कधी आणि कुणाला, हे ज्याला कळतं तो मॅनेजर."

पहिल्यांदा स्वतः विमानाचं तिकीट काढताना फोनवर सीटांचा नकाशा उघडला आणि त्यांना पुढच्या अडवलेल्या राखाडी चौकोनांची ओळख एका क्षणात पटली. परगावी लहानपणीचा मित्र भेटावा तसं झालं म्हणतात. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य: "सीट असते, दाखवत नाहीत."

त्यांचं शास्त्र असं. कंपनी पुढच्या काही सीटा अडवून ठेवते. काही नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी, काही चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी, काही तान्ह्या मुलांच्या आयांसाठी, काही स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. घेणारा आला नाही, की निघण्याआधी त्या हळूहळू सुटतात. थोड्या वेब चेक-इन उघडल्यावर, थोड्या त्यानंतर, आणि अगदी शेवटच्या विमानतळावरच्या काउंटरच्या हाती राहतात. मी हिशेबतपासनीस आहे. ऐकीव गोष्ट मला चालत नाही. म्हणून त्यांचे अंदाज मी जमेल तसे पडताळले. आमच्या इमारतीतल्या अकरा घरांना त्यांनी मनासारख्या जागा मिळवून दिल्या आणि दोघांच्या बाबतीत ते साफ चुकले. त्या दोघांपैकी एकाला तर पंखावरची खिडकी मिळाली. त्यांची गाठ पडू नये म्हणून अण्णा महिनाभर लिफ्ट सोडून जिन्याने जात होते.

हे वेड विमानापुरतं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की आधी पुढचे रिबीन बांधलेले सोफे मोजतात. आमच्या ओळखीच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपत आली तरी आमदार आले नव्हते. अण्णांनी रिबीन सोडली आणि नवऱ्या मुलाच्या खेड्यातून आलेल्या दोन आत्यांना हाताला धरून तिथे बसवलं. "रिलीज झालं," एवढंच म्हणाले. यजमानांचा चेहरा पडला. आत्यांचा मात्र इतका खुलला की यजमान गप्प बसले.

गेल्या हिवाळ्यात वेळ माझ्यावर आली. नागपूरची माझी मावशी आजारी होती आणि "शांतीला एकदा आणा" असा तिचा निरोप होता. शांती म्हणजे माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर. आईला विमानाची भयंकर भीती. मागे एकदाच बसली होती तेव्हा विमान वर चढताना मधूनच उठून उभी राहिली होती. तिची अट एकच: "तू शेजारी बसणार असशील तर येते. नाहीतर ताईला फोनवरच बघेन."

आईचं तिकीट मी आधी काढलं. माझी रजा मंजूर व्हायची होती, म्हणून माझं चार दिवसांनी वेगळं काढलं. रजा नसताना तिकीट काढणं माझ्या तत्त्वात बसत नाही. हे तत्त्व मला नडलं. दोन वेगळी बुकिंगं, विमान जवळपास भरलेलं, आणि उरलेल्या जागा सगळ्या सुट्या सुट्या. आई सातव्या ओळीत, तर मी सव्विसाव्या. जोडीच्या जागा फक्त पुढच्या राखाडी ओळींत, आणि त्या पैसे देऊनही मिळत नव्हत्या.

"कुणाला तरी विनंती करू, बदलून देतील," मी म्हणालो.

"परक्या माणसाला उठवायचं नाही," आई म्हणाली. "आणि नाही उठला तर? दार लागल्यावर मी काय करू?"

अण्णा आमच्याच सोफ्यावर कॉफी पीत होते. "अम्माचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या सीटवर डोळा ठेवायचा नाही. सीट असते. तुम्ही आता हात लावू नका, सार. वेब चेक-इन करायचं नाही, केलं की आहे ती सीट पक्की होते."

"आणि शेवटी नाहीच मिळाली तर?"

"तर अम्मा परत घरी येते. मला माहिती आहे." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला.

पुढचे दोन दिवस अण्णा फोनमध्ये डोकं घालून होते. राखाडी चौकोनांपैकी दोन सुटले, पण तेही लांब लांब. निघायच्या सकाळी आमच्या टॅक्सीत पुढे येऊन बसले ते इस्त्रीच्या सफारीत. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला आत सोडणार नाहीत."

"थेटरात मी कधी पिक्चर आत बसून बघितला?" ते म्हणाले. "मॅनेजर बाहेरच असतो."

विमानतळाच्या दाराबाहेर एका बाकावर आम्ही तिघे बसलो. आईच्या मांडीवर मावशीसाठी केलेल्या लाडवांचा डबा. मी घड्याळाकडे बघत होतो. अण्णा फोनकडे.

"जाऊ का?"

"स्वल्प थांबा. आत्ता गेलात तर 'ब्लॉक आहे सार' म्हणून मोकळी होईल ती काउंटरवरची पोर."

आईने हळूच मला विचारलं, "जमत नसेल तर परत जाऊया का? ताई समजून घेईल." तिचा आवाज असा होता, की ताईने समजून घेतलेलं तिलाच नको होतं.

थोड्या वेळाने अण्णा ताडकन उठले. "आता. जा. पुढच्या सीटांत कोणी नवीन आलेलं नाही. चिडायचं नाही, कंपनीला नावं ठेवायची नाहीत. अम्माला पुढे उभी करा, वय सांगा, भीती सांगा. आणि विचारा, कुणाला न दिलेली जोडी सोडता येईल का. 'सोडता येईल का' असंच विचारा. सोडणं तिच्या हातात आहे, हे तिला पण आवडतं."

काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "फ्रंटच्या रो ब्लॉक आहेत, सर."

मी अण्णांचं वाक्य माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं. तिने आईकडे पाहिलं. आईने लाडवांचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मुलीने फोन उचलला, कुणाशी तरी दोन वाक्यं बोलली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"दुसरी ओळ. बी आणि सी. सरी, अज्जी?"

आईने तिला तिथेच एक लाडू दिला. मी काचेतून बाहेर पाहून दोन बोटं वर केली. गर्दीत अण्णांनी सफारीचं खालचं बटण लावलं आणि भारदस्तपणे मान हलवली, जणू त्यांच्या हुकमावरून आख्खा विमानतळ चालतो. खरं सांगतो, मला त्या क्षणी असं वाटलं की खरंच चालतो. मागे उभ्या माणसाला मी न विचारताच सांगितलं, "आमचे शेजारी आहेत."

नागपूरला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून मी त्यांना फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला.

"अण्णा, फर्स्ट क्लास झालं! पाय पसरायला जागा, उतरायला पहिला नंबर..."

"ते असू दे. वर चढताना अम्माने हात धरला का?"

"धरला म्हणजे? मनगटावर नखं उमटलीत."

 

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "आमच्या रखमाला मुंबईच्या डॉक्टरला दाखवायला नेलं ना, तेव्हा तिकिटं दुसऱ्याने काढलेली, मला हे काही माहिती नव्हतं. ती पुढे, मी पार मागे. तिने शेजारच्या कुठल्या तरी पोरीचा हात धरला होता. उतरल्यावर मला हसत सांगत होती, पोर चांगली होती म्हणून. मला मागून फक्त तिचा अंबाडा दिसत होता, सार."

 आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन काढून घेतला.

"अण्णा? हां, मीच. अहो, ढग अगदी पिंजलेल्या कापसासारखे होते. नाही हो, खिडकी दुसऱ्याची होती, पण वाकून बघू दिलं त्याने. हो, पाणी दिलं. नाही, गार नव्हतं."

पट्टा सुरू झाला. आमची पहिली बॅग आली, मग दुसरी. मी त्या उतरवून ट्रॉलीवर रचल्या. आईने हाताने खूण केली, थांब म्हणून, आणि एका बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. पलीकडून अण्णा एकेक गोष्ट विचारत होते आणि ती सावकाश, काही न गाळता, सांगत होती.