मुळेसाहेबांचा गोली

माझ्या टेबलावरचा स्टँपपॅड हा आमच्या शहराच्या हॉकी संघाचा गोलकीपर आहे, हे मला यवतमाळात नोकरीला लागल्यावर पहिल्याच सोमवारी कळलं. शेजारच्या टेबलावरचे मुळेसाहेब उठून आले, त्यांनी माझा स्टँपपॅड उचलला, चहाच्या दोन रिकाम्या ग्लासांच्या मधोमध ठेवला, समोर पेपरवेट मांडले आणि खोडरबर बोटानं टिचकवलं. खोडरबर पॅडच्या डावीकडून सरळ माझ्या मांडीवर पडलं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "असा गोल खाल्ला काल त्यानं. उभा होता. दिसत होता. पण होता का?"

मी म्हटलं, "कोण?"

"गजू!" त्यांनी असं काही सांगितलं, की जणू गजू माहीत नसणं म्हणजे कलेक्टर माहीत नसणं.

दिगंबर मुळे आमच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. फायलीवर ते इतकं शुद्ध मराठी लिहीत, की साहेबलोक सही करताना जरा बिचकत. हॉकीचा विषय निघाला की मात्र शुद्ध मराठी खुंटीला टांगलं जाई आणि घरचं वऱ्हाडी बाहेर येई. लग्न केलेलं नव्हतं. मैदानामागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत. स्वतः कधी हॉकी खेळले होते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचे?" तर म्हणाले, "तू गजूचं सांग. माझं काय घेऊन बसला?"

गोलकीपरला ते गोली म्हणत, आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मूळ प्रश्न गोलीचा आहे." कार्यालयातले लोक त्याला 'मुळ्यांचा मूळ प्रश्न' म्हणत. नळाला पाणी आलं नाही, मूळ प्रश्न गोलीचा. शिपाई न सांगता सुट्टीवर गेला, तरी तेच. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडं अळीनं पोखरलेली, जिल्ह्यातल्या एकेका जिनिंग कारखान्याचा भोंगा बंद होत चाललेला. पाहणीसाठी कुठून कुठून पथकं यायची आणि आम्ही त्यांच्या गाड्यांची, जेवणाची व्यवस्था करत फिरायचो. एका संध्याकाळी असंच एक पथक हात हलवून निघून गेल्यावर मुळेसाहेब व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, "प्रकाश, ध्यानात ठेव. सगळे पुढं पळून राह्यले. भाषणं, दौरे, सगळी फॉरवर्ड लाइन. मांगं कोणी उभंच नाही. बॉल आला का सरळ आत." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

संघाचा सगळा कारभार रशीदभाईंच्या हातात होता. त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि क्लबचं ऑफिसही तेच. मुळेसाहेब ऑफिस सुटलं की घरी जायच्या आधी तिथं जात आणि स्टुलावर बसून भांडण काढत.

"रशीदभाई, गजूले काढा."

"काहून काढू?"

"डावी बाजू कच्ची आहे. पाय उशिरा पडते. फैजान पाहा. पोरगा उंच आहे, झडप आहे."

फैजान कॉलेजात शिकणारा मुलगा होता आणि खरोखरच चांगला गोली होता. रशीदभाई पाना फिरवत राहत. मग एकदा त्यांनी पाना खाली ठेवला.

"मुळेसाब, जिनिंग बंद झाली तवा गजूले तिथून काढलं. शहरातली खोली सुटली. बायको-लेकरं घेऊन राळेगावले परत गेला. आता दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून राह्यला, अन् आयतवारी एस्टीनं इथं येते. आता इथूनबी काढू का त्याले?"

मुळेसाहेब स्टुलावरून उठले. दारातून वळून म्हणाले, "हॉकी म्हणजे धर्मशाळा नव्हे."

सामन्याच्या वेळी ते प्रेक्षकांत बसत नसत. गजूच्या गोलच्या मागं, जाळीला नाक लावून उभे राहत आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत त्याला झापत. मी एकदा सोबत गेलो होतो. "डावीकडं! अबे डावीकडं! झोपला का? कोणाची वाट पाहून राह्यला, पाहुणे येऊन राह्यले का?" गजू काळा, बुटका, खांद्यानं रुंद माणूस. पायाला जुने पॅड, त्यातली एक पट्टी सुतळीची. बॉल पलीकडं असताना त्यानं वळून हात जोडले.

"साहेब, तुमी बोलता अन् मले बॉल आयकू येत नाही."

"बॉल आयकायचा नसते, पाहायचा असते!"

त्या दिवाळीनंतर एका स्पर्धेत संघानं गोलांचा ढीग खाल्ला. निम्मे डावीकडून. तरुण खेळाडू रशीदभाईंकडं गेले आणि म्हणाले, गोली बदला नाहीतर आम्ही अमरावतीच्या स्पर्धेला येत नाही. गॅरेजात बैठक झाली. फैजानला घ्यायचं ठरलं. सगळे मुळेसाहेबांकडं बघायला लागले. इतक्या वर्षांची त्यांची मागणी मान्य झाली होती. कुणी तरी म्हणालंही, "साहेब, पेढे आणा." मुळेसाहेब नुसतेच चष्मा पुसत बसले.

रशीदभाई म्हणाले, "आता सांगायचं कोण त्याले? माह्यानं होत नाही. मुळेसाब, तुमचंच म्हणणं होतं. तुमीच सांगा."

शनिवारी दुपारी आम्ही राळेगावच्या एस्टीत बसलो. मला त्यांनी उगाच सोबत घेतलं. बस निम्मा रस्ता कापेपर्यंत ते ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होते. "गजानन, संघाच्या हिताच्या दृष्टीने..." असं काहीतरी फायलीतलं कानावर आलं. मग तेही बंद झालं. खिडकीबाहेर वेचणी संपत आलेली वावरं होती, काही ठिकाणी बोंडं तशीच वाळून काळी पडलेली.

गजूचं घर गावाच्या टोकाला होतं. आम्हाला अंगणात पाहून तो इतका दचकला, की हातातलं दोरखंड खाली पडलं. त्यानं बाज टाकली, आणि आम्ही बसायच्या आतच बोलायला लागला. "साहेब, मांगच्या मॅचचे ते गोल माह्यावरच. मी आयकलं होतं तुमचं. डावीकडं म्हनत होते तुमी. पाय उचललाच नाही जी." मोठ्या सभेपुढं खुलासा द्यावा तसा तो उभा राहून सांगत होता.

मुळेसाहेब म्हणाले, "बस आधी."

गजूची बायको कोरा चहा घेऊन आली. पदर सावरून तिनं मुळेसाहेबांकडं नीट निरखून पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"हेच का जी ते साहेब?"

गजू ओशाळला. "चूप बस."

"काहून चूप बसू?" ती मला म्हणाली, "भाऊ, जिनिंग बंद झाली तवापासून हे घरात बोलतच नाहीत. सकाळी वावरात जातेत, येतेत, जेवतेत, भिताडाकडं तोंड करून पडतेत. पोरगी बोलली तरी हं म्हनत नाहीत. फक्त आयतवारी यवतमाळवरून आले का बोलतेत. साहेब असे वरडले, साहेब तसे वरडले. उभं राहून दाखवतेत आमाले. पोरगी हसू हसू लोळते. हेबी हसतेत." तिनं कप पुढं केला. "म्या म्हनलं होतं, एक डाव पाह्यचे हायेत मले ते साहेब."

मुळेसाहेबांनी कप घेतला. चहा संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

गजू आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला. बस लागलेली नव्हती. मला वाटलं, आता हे काही सांगत नाहीत. पण मुळेसाहेब त्याच्यासमोर उभे राहिले.

"गजू, अमरावतीले फैजान उभा राहणार आहे. तू नाही. रशीदभाईचा दोष नाही. काढा म्हणून मीच मांगं लागलो होतो."

गजूनं मान हलवली. 

"बराबर हाये साहेब. पोरगं चांगलं हाये ते." मग रस्त्याकडं बघत, "मंग आयतवारी मी येऊ का... नोको येऊ?"

 मुळेसाहेबांचा हात खिशातल्या पेनांकडं गेला आणि तसाच परत आला.

"नको येऊ," ते म्हणाले. "मी येतो."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. निम्मा रस्ता सरल्यावर, मी काही विचारलं नसताना, म्हणाले, "प्रकाश, माझ्या घरी मी बोललेलं आयकायले कोणी नाही. ऑफिसात तुम्ही लोक आयकता ते शेजारी टेबल आहे म्हणून. मी बोललेलं इतक्या दूर कोणाच्या घरात जाते, लेकरू त्यावर हसते... मले काय माहीत होतं, बाप्पा?" मग त्यांनी चष्मा काढला आणि यवतमाळ येईपर्यंत घातला नाही.

अमरावतीत फैजान चांगला खेळला. संघ दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. मुळेसाहेब गेले नव्हते. त्या रविवारी ते राळेगावला होते.

पुढं ते जातच राहिले. सामना असला तर तो आटोपल्यावर सगळा हिशेब गजूसमोर मांडायला, आणि सामना नसला तरी जुन्या सामन्यांसाठी. वर्षभरानं माझी बदली वणीला झाली. निघण्याआधीच्या रविवारी निरोप घ्यायला मी त्यांच्या खोलीवर गेलो, कुलूप होतं. म्हणून राळेगावची बस धरली. गजूचं अंगण आलं तेव्हा लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. कुंपणाशी एक म्हातारा सायकल टेकवून उभा होता. "भांडण लागलं वाट्टे," तो मला म्हणाला.

आत गजू तावातावानं सांगत होता, फैजान फार पुढं येतो, रशीदभाईनं त्याला समजवायला पाहिजे. मुळेसाहेब ओरडत होते, "तुले काय समजते? तू कधी पुढं आलता का?" गजूची मुलगी बाजेच्या पायाशी बसून तोंडावर हात ठेवून हसत होती.

ऊन उतरलं. गजूची बायको दारात आली आणि म्हणाली, "साहेब, भाकरी टाकली हाये. आज तरी जेवून जा." गजूनं मला हळूच सांगितलं, वर्षभर ते दर वेळी बसचं निमित्त करून उठतात, कुणाच्या घरी जेवत नाहीत म्हणतात.

मुळेसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मग ते बाजेवर वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.