मांजरांचा कच्चा खुराक

मांजर या प्राण्याबद्दल आमच्या गावात माझ्याएवढं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं! म्हणजे गेल्या मंगळवारपर्यंत.

मी गहिनीनाथ. पाटोद्याजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचा सचिव. दुष्काळानं संस्थेची पार दैना केलेली. विहिरी कोरड्या, जनावरं चारा छावणीत, आणि एके काळी आठ कॅन भरून जाणारं दूध आता एकाच कॅनच्या बुडाशी लाजून बसलेलं! अशात माझ्या घरी दोन मांजरं, चिमी आणि भुऱ्या. दोघांना सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करलेली भाकरी लागायची.

"लेकरांच्या चहात दूध न्हाई अन् मांजरांना वाटी वाटी!" माझी बायको अंजना कडाडली. "कावून? जावई हायती का?"

बोलणं खरं होतं. पण मग मांजरांना घालायचं काय? एकदा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला की गोचिडासारखा चिकटतो. छावणीत जनावरांचे डॉक्टर आले, तसं मी त्यांना गाठलं. ते बैलाला इंजेक्शन देत होते.

"डॉक्टरसाहेब, मांजराचा खरा खुराक काय हो?"

"कच्चं मांस," ते बैलावरची नजर न काढता म्हणाले. "मांजर म्हणजे घरातला वाघ. वाघाला कुणी भाकरी कुस्करून घालतं का? थोडी कलेजी द्या, कोंबडीच्या माना द्या. शिजवू मात्र नका, शिजलेलं हाड टोचतं. आणि आधी तीन-चार दिवस बर्फात गोठवून ठेवा, म्हणजे जंतांची भीती कमी."

मी थक्क! एवढी वर्षं मी वाघांना भाकरी चारत होतो!

अडचणी दोनच. पावसासाठी गावात हरिनामाचा सप्ता बसलेला, त्यामुळे मटण बंद. आणि गावात चालू फ्रीज एकच, संस्थेचा. त्यात दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या असायच्या. पण मी काय ऐकतो? पाटोद्याला गेलो, बकऱ्याची कलेजी आणि कोंबडीच्या तीन माना आणल्या, पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. वर ठळक अक्षरात चिठ्ठी लावली: 'नमुना. हात लावू नये.'

चौथ्या दिवशी, मंगळवारी, पहाटेपासून वीज गायब! आणि नेमके त्याच सकाळी आमचे चेअरमन सुंदरराव तालुक्याच्या दूध संघाच्या सुपरवायझरला, विठ्ठलरावांना, घेऊन आले. पाहुण्यांना पाणी द्यावं म्हणून सुंदररावांनी फ्रीज उघडला आणि किंचाळले,

"गहिनीनाथ! हे दूध गुलाबी कावून हाय बे?"

सात नंबरच्या बाटलीचं बूच सैल होतं. विठ्ठलरावांनी बाटली उजेडात धरली. त्यांचा चेहरा दुधापेक्षा पांढरा पडला.

"रक्त हाय हे! गाईच्या कासेला रोग दिसतोय. छावणीत साथ असली तर? आजपासून संकलन बंद!"

मला कळलं होतं हो सगळं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण मी रजिस्टरात डोकं घातलं! संकलन बंद म्हणजे तीस घरांची चूल बंद, अन् तीही माझ्या मांजरांपायी!

बातमी छावणीत पोचली. दहा मिनिटांत जो तो आपापल्या गाईखाली वाकलेला. छावणीतल्या म्हाळूनं तर घाईघाईत बैलाखालीही बघून घेतलं!

सात नंबर म्हणजे आमच्या शेजारच्या भामाबाई. त्या गाईला दाव्याला धरूनच ऑफिसवर आल्या. गाईचं तोंड आत, बाकीची गाय बाहेर.

"माज्या गाईला रोग? कोण म्हनतो? तांब्या आना!"

दारातच धार काढली. दूध पांढरंशुभ्र!

"मंग रक्त आलं कुठून?" सुंदरराव म्हणाले.

तेवढ्यात फ्रीजमधून आवाज आला. टप्!

विठ्ठलरावांनी वरचा कप्पा उघडला. चिठ्ठी वाचली. "नमुना? मग तपासावाच लागंल." त्यांनी पिशवी सोडली, तशी कलेजी घसरून थेट टेबलावर!

"सचिव," ते गंभीरपणे म्हणाले, "हे कोन्त्या म्हशीचं दूध हाय?"

मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. सुंदरराव भडकले. "सप्त्यात मटन! सोतासाठी आनलं अन् मांजरांच्या नावावर घालतो व्हय? मांजर दूध पितं, शेंबड्या पोरालाबी ठावं हाय! उद्यापासून येऊ नको कामावर!"

"थांबा हो चेअरमन," विठ्ठलराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "कच्चं खात्यात का, बगू तरी!"

अंजना डोळे वटारत दोन्ही मांजरांना टोपल्यात घालून घेऊन आली. ऑफिससमोर ही गर्दी! माणसं कॅनवर चढली. सप्त्यातले टाळकरी टाळांसकट आले. मी परातीत माना आणि कलेजी मांडली.

चिमीनं वास घेतला. माझ्याकडे बघितलं. खाली बसली. माझी नोकरी त्या मिशांवर लटकत होती!

आणि भुऱ्या गुरगुरला! मान उचलली, बाजूला नेली, दाढेखाली धरली. कडकड! चिमीनं कलेजीवर झडप घातली. परात लख्ख!

टाळ्या पडल्या. विठ्ठलरावांनी संकलन सुरू करायला सांगितलं. सुंदररावांचा आवाज खाली आला. मी मिशीवर हात फिरवून म्हणालो, "बघितलं? घरातला वाघ! शास्त्रच तसं हाय!"

"भावजी," भामाबाई हळूच म्हणाल्या, "भुऱ्यानं पहिल्यांदाच खाल्ली न्हवं का कच्ची मान?"

"अगदी पहिल्यांदा!"

"मंग कुठं धरायची, कोन्त्या दाढंनं फोडायची, इतकं सराईत कसं म्हनायचं? या म्हैन्यात माज्या कोंबडीची नऊ पिल्लं गेली. मी आपली मुंगसाला शिव्या देत बसले!"

भुऱ्या शांतपणे पंजा चाटत होता. अंजनानं दोघांवर टोपलं पालथं घातलं.

निकाल तिथंच लागला. माझी नोकरी राहिली. पण भामाबाईंची कोंबडी आता पुन्हा अंड्यांवर बसलीय, आणि ती पिल्लं मोठी होईस्तोवर रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी खुराड्याशी काठी घेऊन मी बसायचं!

बसतोय. कालच भामाबाई म्हणाल्या, "सचिवकीपरीस हे काम लई झाक जमतंय तुमाला."

खरं सांगू? बरं वाटलं. संस्थेत बारा वर्षांत माझं कौतुक पहिल्यांदाच झालं, आणि तेही कोंबडीच्या साक्षीनं!